कंपनीची गाडी : प्रस्तावना

२८ जुलै २०१९ रोजी जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर आठ तासांची शर्यत होती. मोटारसायकल बनवणाऱ्या चारही जपानी कंपन्या या शर्यतीला विलक्षण मान देतात. एखादं जगज्जेतेपद हुकलं तरी चालेल, पण सुझुका हुकता कामा नये, असं त्यांच्याकडे मानलं जातं. एका गाडीवर तीन रायडर नेमता येतात आणि त्यांनी आळीपाळीनं गाडी चालवायची असते. कावासाकीनं त्या वर्षी तिघं नेमले होते. पहिला जोनाथन रे, सलग चार वर्षं सुपरबाइकचा जगज्जेता. दुसरा लिऑन हॅस्लम, अनुभवी इंग्रज. तिसरा बावीस वर्षांचा तुर्की मुलगा, तोप्राक राझगातलिओलू. शर्यत सुरू झाली, रे उतरला की हॅस्लम, हॅस्लम उतरला की पुन्हा रे. तोप्राकची पाळी आलीच नाही. शेवटची दोन मिनिटंही उरली नसताना दुसऱ्या एका गाडीचं इंजिन फुटलं, ट्रॅकवर तेल सांडलं, त्यावर आघाडीवरचा रे घसरून पडला आणि लाल बावटा दाखवून शर्यत थांबवली गेली. आधी यामाहाला विजयी जाहीर केलं, मग कावासाकीनं नियमावर बोट ठेवलं आणि निकाल फिरला. कावासाकीला १९९३ नंतर प्रथमच सुझुका मिळाली. विजेत्यांच्या यादीत तोप्राकचं नाव आहे. त्या शर्यतीत त्यानं एक फेरीही मारलेली नाही.

पुढच्या हंगामासाठी त्यानं कावासाकी सोडली आणि यामाहाच्या फॅक्टरी टीमशी करार केला. हे पुस्तक त्या एका निर्णयाबद्दल आहे. त्याचं संपूर्ण चरित्र लिहायचा माझा इरादा नव्हता. त्याची कारकीर्द अजून चालू आहे आणि चालू कारकिर्दीची चरित्रं लवकर शिळी होतात. मला कुतूहल होतं ते इतकंच की ज्या कंपनीनं आपल्याला वाढवलं, जिची गाडी त्या काळात सगळ्यांत यशस्वी होती, ती सोडून एक तरुण मुलगा दुसऱ्या कंपनीकडे का जातो, आणि तिथे त्याला नेमकं काय मिळतं. ‘चांगली गाडी’ हे उत्तर सगळे देतात. ते अर्धवट आहे असं माझं मत आहे.

आधी खेळाविषयी थोडं, कारण आपल्याकडे मोटोजीपीचं नाव ठाऊक असलेल्यांनाही सुपरबाइक म्हणजे काय ते नेमकं माहीत नसतं. मोटोजीपीतली गाडी फक्त शर्यतीसाठी जन्मलेली असते. ती दुकानात मिळत नाही. जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद १९८८ साली सुरू झालं ते उलट तत्त्वावर. गाडी अशीच हवी, जी कंपनी गिऱ्हाइकाला विकते. सांगाडा मूळचाच ठेवायचा, इंजिनात मोजकेच बदल करायचे, ते किती फेरे घेऊ शकेल याची मर्यादा २०१९-२० च्या सुमारास प्रत्येक मॉडेलला वेगळी बांधून दिलेली होती, आणि टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे, पिरेलीचे. सस्पेन्शन, ब्रेक, मागचा स्विंगआर्म, इलेक्ट्रॉनिक्स यांत मात्र भरपूर मोकळीक. म्हणजे रे ज्या झेडएक्स-१०आरवर जगज्जेता होत होता, तिच्याच वंशातली गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यात जोडून भारतात विकली जात होती. पुण्या-मुंबईच्या ज्या मंडळींनी ती घेतली, त्यांना हे सांगितलं की फार आनंद होतो. तो आनंद मी मोडत नाही. पण शोरूममधल्या गाडीत आणि रेच्या गाडीत काय उरलं आणि काय बदललं, याचं एक स्वतंत्र प्रकरण पुढे आहे, ते त्यांनी जरूर वाचावं.

२०२० च्या हंगामात डुकाटी, कावासाकी, यामाहा, होंडा आणि बीएमडब्ल्यू या पाच कंपन्यांच्या अधिकृत टीम होत्या. प्रत्येकीकडे दोन रायडर, म्हणजे साऱ्या जगात मिळून दहा जागा. बाकीचे खासगी टीमकडून धावतात. खासगी टीम कंपनीकडून गाडी घेते, काही सुटे भाग आणि मदत मिळवते, पण नवीन काही तयार झालं की ते आधी कंपनीच्या माणसाकडे जातं आणि उरलं तर तुमच्याकडे.

आता गंमत अशी की फॅक्टरी टीम म्हटल्यावर डोळ्यांसमोर जपानमधला कारखाना येतो, आणि प्रत्यक्षात तिथे टीम नसते. यामाहाची सुपरबाइक टीम पॉल डेनिंग यांची क्रेसेंट ही इंग्लंडमधली संस्था चालवत होती, आणि कावासाकीची टीम बार्सिलोनाजवळची प्रोव्हेक ही स्पॅनिश संस्था. कंपनी पैसा, गाड्या आणि इंजिनिअर देते. माणसं नेमणं, ट्रक हाकणं, पिटमध्ये पाने फिरवणं हे कंत्राटावर चालतं. मग फॅक्टरी या विशेषणाला अर्थ काय उरतो? माझ्या मते एकच. शर्यत संपल्यावर रायडर गाडीबद्दल जे बोलतो, ते कुणाच्या कानावर पडतं? खासगी टीमच्या रायडरचं बोलणं त्याच्या मेकॅनिकपाशी संपतं. मेकॅनिक हातात आहे त्यातून जे जमेल ते करतो. फॅक्टरी रायडरचं बोलणं ज्यांनी गाडी आखली त्यांच्यापर्यंत जातं, आणि पुढच्या चाचणीला त्याचा परिणाम लोखंडात किंवा सॉफ्टवेअरमध्ये उतरलेला दिसतो. पण एका टीममध्ये दोन रायडर असतात आणि गाडी एका दिशेनंच वाढते. ती कुणाच्या बोलण्यानं वाढायची, हा सगळ्या फॅक्टरी टीममधला न बोललेला वाद आहे. टॉम साइक्स २०१३ साली कावासाकीवर जगज्जेता झाला. २०१५ साली शेजारच्या जागेवर रे आला आणि पुढच्या चार वर्षांत गाडी हळूहळू रेची झाली. २०१८ अखेर साइक्स बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला हॅस्लम एका वर्षात गेला. तोप्राक हे सगळं शेजारच्या पिटमधून पाहत होता.

तो पिट पुचेत्तीचा होता, इटलीतल्या रेज्जो एमिलियाची खासगी कावासाकी टीम. तिथवर तो कसा आला हे सांगायचं तर अलान्यापासून सुरुवात करावी लागते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे पर्यटकांचं गाव. बाप आरिफ हा मोटारसायकलवर कसरती करणारा, एका चाकावर गाडी चालवण्यात इतका वाकबगार की लोक त्याला ‘तेक तेकेर आरिफ’ म्हणत, म्हणजे एकचाकी आरिफ. १९९६ साली जन्मलेला तोप्राक त्याच्याच गाड्यांवर वाढला. आज शर्यत जिंकल्यावर तो पुढच्या चाकावर उभा राहून मागचं चाक आभाळात उचलतो, आणि नवखे प्रेक्षक त्याला नखरा समजतात. त्याच्या घरचं ते शिक्षण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरिफ मोटारसायकल अपघातात गेला. मुलगा जागतिक सुपरबाइकमध्ये उतरायला तेव्हा काही महिने उरले होते.

त्याला घडवणारा दुसरा माणूस केनान सोफूओलू. सुपरबाइकच्या खालच्या सुपरस्पोर्ट वर्गात तो पाच वेळा जगज्जेता झाला. तुर्कस्तानात मोटारसायकल शर्यत म्हटलं की अनेक वर्षं हे एकच नाव होतं. दोन भाऊ त्यानं गमावले, त्यांतला एक शर्यतीच्या सरावात. २०१६ साली त्यानं इझ्मितच्या आखातावरच्या नव्या पुलावर, तो वाहतुकीला खुला होण्याआधी, कावासाकीची एच२आर ताशी ४०० किलोमीटरपर्यंत नेली, आणि २०१८ साली शर्यती सोडून तो तुर्की संसदेत निवडून गेला. असा हा मनुष्य तोप्राकचा गुरू, व्यवस्थापक आणि करार करताना समोर बसणारा वकीलही. अलान्याच्याच जान आणि देनिझ या ओंजू भावांनाही त्यानंच घडवलं. तोप्राकच्या सुपरबाइकवरचा ५४ हा आकडा केनानचा. तुर्कस्तानात वाहनांच्या पाटीवर जिल्ह्याचा क्रमांक असतो आणि ५४ हा केनानच्या साकार्याचा. आपल्याकडे कोल्हापूरचा माणूस ‘एमएच ०९’ ज्या ताठ्यानं मिरवतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की तोप्राक साकार्याचा नाही. त्यानं मिरवला तो गुरूचा जिल्हा.

२०१५ साली तो सुपरस्टॉक ६०० चा युरोपीय विजेता झाला, २०१७ साली सुपरस्टॉक १००० मध्ये दुसरा आला, आणि २०१८ साली पुचेत्तीनं त्याला सुपरबाइकवर बसवलं. हे सगळं कावासाकीच्या घरात घडलं, हे लक्षात ठेवावं. पहिल्याच हंगामात डोनिंग्टनला तो दुसरा आला. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रान्सच्या मॅन्यी-कूरला तो सोळाव्या क्रमांकावरून सुटला आणि शेवटच्या फेरीत रेला मागे टाकून जिंकला. त्याचा हा पहिला विजय. दुसऱ्या दिवशी छोटी शर्यतही त्यानंच मारली. खासगी टीमच्या गाडीवरून त्याच कंपनीच्या जगज्जेत्याला हरवणं हे कागदावर फार गोड दिसतं. पिटमध्ये मात्र असा विजय अवघड प्रश्न उभे करतो. सुझुकाला दोनच महिने झाले होते.

तो इतका वेगवान का आहे, हे समजून घेतल्याशिवाय यामाहाची निवड कळत नाही. म्हणून इथे जरा थांबतो. सुपरबाइकवर सरळ रस्त्याच्या शेवटी वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि पुढचं वळण कधीकधी ८० च्या वेगानं घ्यायचं असतं. हा वेग मारायला काही सेकंदच मिळतात. ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं आणि जमीन सोडू लागतं. बहुतेक रायडर इथे हात सैल करतात, कारण मागचं चाक हवेत गेलं की गाडी सरळ राहीलच असं नाही. तोप्राक सैल करत नाही. तो इतरांच्या नंतर ब्रेक लावतो, इतरांपेक्षा जोरात लावतो, आणि मागचं चाक जमिनीपासून वर असताना शांतपणे वळणाकडे बघत राहतो. एकचाकी आरिफच्या मुलाला हवेतल्या चाकाची भीती वाटत नाही, यात नवल नाही. पण त्यामागे एक यांत्रिक अडचण आहे आणि माझ्या मते साऱ्या गोष्टीची कळ तिथे आहे. मागचं चाक हवेत असतं तोवर इंजिनच्या ओढीचा गाडी थांबवायला काही उपयोग नाही. ते पुन्हा जमिनीला टेकतं त्या क्षणी त्याचा वेग आणि गाडीचा वेग जुळला नाही, तर मागची बाजू उड्या मारू लागते किंवा आडवी सुटते. हा जुळारा क्लच, सस्पेन्शन आणि थ्रॉटल सांभाळणारं सॉफ्टवेअर यांच्यातून साधावा लागतो. आता जो रायडर मागचं चाक जमिनीवरच ठेवतो, त्याच्यासाठी बनवलेला जुळारा तोप्राकच्या काही कामाचा नाही. रेची शैली वाहती, नितळ. त्याच्या गाडीचं सॉफ्टवेअर त्याच्या सवयींनी घडलेलं. तोप्राकला कावासाकीत वर घेतलं असतं, तरी तो उत्तम बनवलेल्या, पण दुसऱ्याच्या मापाच्या गाडीवर बसला असता.

यामाहाच्या आर१ ची कीर्ती उलट्या कारणासाठी होती. तिच्या क्रॉसप्लेन क्रँकमुळे मागच्या टायरची पकड रायडरला नीट कळते, आणि ती वळणातून वेगानं निघणाऱ्यांची गाडी मानली जायची. ब्रेकवर शर्यत जिंकणाऱ्या मुलानं ती का निवडावी, असं अनेकांना तेव्हा वाटलं होतं. शिवाय सरळ रस्त्यावर ती डुकाटीपुढे फिकी पडायची. पण यामाहाला २००९ साली बेन स्पाइजनं एकच विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि त्यानंतर दहा वर्षं कपाट रिकामं होतं. तिथे कुणी रे बसलेला नव्हता. गाडी कुठल्या दिशेनं न्यायची हे अजून ठरायचं होतं. तोप्राकनं सोबत एक माणूस मागितला, पुचेत्तीतला त्याचा क्रू चीफ फिल मॅरन, उत्तर आयर्लंडचा. यामाहानं तो दिला. बातम्यांत या गोष्टीला एखादी ओळ मिळते. मी तिला करारातल्या बाकी सगळ्या कलमांच्या वर ठेवतो. तोप्राकचं इंग्रजी तेव्हा तोडकंमोडकं होतं. मागचं चाक कुठे काय करतंय हे तो हातवारे आणि मोजक्या शब्दांत सांगायचा. ते समजून इंजिनिअरच्या भाषेत मांडणारा माणूस सोबत नसता, तर कंपनीचे कान उघडे असून काय उपयोग होता?

२९ फेब्रुवारी २०२०, फिलिप आयलंड, ऑस्ट्रेलिया. यामाहाच्या निळ्या गाडीवर तोप्राकची पहिली शर्यत. त्याच्यासाठी यामाहातली जागा रिकामी करणारा ॲलेक्स लोव्ह्ज आता कावासाकीवर होता, रेच्या शेजारी. दोघांची जवळजवळ अदलाबदलच झाली होती. शेवटच्या रेषेवर तोप्राक पहिला, लोव्ह्ज दुसरा, दोघांत अंतर सात सहस्रांश सेकंद. तिसरा स्कॉट रेडिंग, आणि पहिले तिघं मिळून ४१ सहस्रांशांत. दुसऱ्या दिवशी लोव्ह्जनंही एक शर्यत जिंकली. त्या आठवड्यात कुणाचा निर्णय बरोबर ठरला हे सांगणं अशक्य होतं. लोव्ह्जला पुढचा विजय मिळायला २०२४ उजाडलं. तो काही कमी प्रतीचा रायडर नव्हे; पण त्याला मिळाली ती रेच्या मापाची गाडी.

तोप्राकचंही सगळं सरळ झालं नाही, आणि ते मी लपवलेलं नाही. फिलिप आयलंडनंतर करोनानं हंगाम पाच महिने थांबवला. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर तो कधी चमकायचा, कधी मध्येच हरवायचा. वर्षाच्या शेवटी एस्तोरिलला दोन विजय मिळाले आणि तो एकूणात चौथा आला. रेनं सलग सहावं विजेतेपद घेतलं. टीकाकारांना तेव्हा कावासाकी सोडण्याचा निर्णय पोरकट वाटला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. मग २०२१ आलं. मॅन्यी-कूरला ट्रॅकच्या पांढऱ्या रेषेबाहेर चाक गेल्याच्या तक्रारीवरून जिंकलेली एक शर्यत त्याच्याकडून काढून रेला देण्यात आली. तक्रार कावासाकीची होती. हंगामाची अखेर नोव्हेंबरमध्ये इंडोनेशियातल्या मंदालिकाच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर झाली, धो धो पावसात. तोप्राक ५६४ गुण, रे ५५१. दोघांनी हंगामात प्रत्येकी १३ शर्यती जिंकल्या होत्या. सुपरबाइकचा पहिला तुर्की जगज्जेता, आणि यामाहाचं बारा वर्षांनंतरचं विजेतेपद.

कंपनी आणि रायडर यांच्यातलं हे नातं भावनेचं आहे अशी समजूत कुणी करून घेऊ नये. पुढची दोन वर्षं आल्वारो बाउतिस्ता डुकाटीवर जिंकत राहिला, तोप्राक दुसरा येत राहिला, आणि २०२४ साठी तो बीएमडब्ल्यूकडे गेला. त्या कंपनीनं सुपरबाइकमध्ये कधीच विजेतेपद पाहिलं नव्हतं. मॅरन पुन्हा सोबत होता. सलग १३ शर्यती जिंकून, मध्येच मॅन्यी-कूरला छातीला इजा होऊन दोन ठिकाणच्या शर्यती हुकूनही त्यानं ते विजेतेपद मिळवलं, आणि २०२५ साली पुन्हा. सुरुवातीला मी जे मत मांडलं, त्याला याहून सबळ आधार मला सापडलेला नाही. बीएमडब्ल्यूची गाडी तेव्हा मैदानातली सर्वोत्तम होती असं तिचे इतर रायडरही म्हणाले नसते. दोन कंपन्यांत त्यानं एकच गोष्ट मागितली आणि दोन्हीकडे ती मिळाली: माझ्या ब्रेकला जुळेल अशी गाडी बनवा.

कावासाकीला खलनायक ठरवण्याचा मोह मला झाला होता. पुस्तक त्यानं अधिक चटपटीत झालं असतं. पण सुझुकाला जिंकायचं तर त्या दिवशी रे आणि हॅस्लम यांनाच पाठवणं बरोबर होतं, कुठल्याही शहाण्या व्यवस्थापकानं तेच केलं असतं. बावीस वर्षांच्या मुलाला चामड्याच्या पोशाखात आठ तास बसवून ठेवताना त्याच्याशी कोण काय बोललं, यावर कदाचित सगळं अवलंबून होतं. त्या बोलण्याची नोंद कुठे नाही, म्हणून मी ते रचलेलंही नाही. केनानच्या गोटातली नाराजी मात्र लपून राहिली नाही.

तंत्राची प्रकरणं काहींना जड वाटतील. माझा आग्रह आहे की ती ओलांडून जाऊ नयेत, विशेषतः ब्रेकवरचं. आपल्याकडे मोटारसायकलविषयी जे लिहिलं जातं त्यात वेगाचं कौतुक खूप असतं आणि थांबण्याविषयी फारच थोडं. ज्या तरुणांना हे वाचून ट्रॅकवर उतरावंसं वाटेल त्यांच्यासाठी चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर प्रशिक्षणाचे वर्ग चालतात, तिथे नाव नोंदवावं. खंबाटकी किंवा आंबोलीच्या घाटात यातलं काहीही करून पाहू नये. आणि ज्यांनी सुपरबाइकची शर्यत आजवर एकदाही पाहिली नाही, त्यांनी पहिली दोन प्रकरणं बाजूला ठेवून सरळ फिलिप आयलंडपासून वाचायला घेतलं, तरी काही बिघडणार नाही.